पतंग-ऑर्किडांची बदलती नावे आणि आपली जबाबदारी

शहरातील कोणत्याही मोठ्या रोपवाटिकेत गेलात, तर लांब, किंचित वाकलेल्या दांड्यावर ओळीने उमललेली पांढरी किंवा जांभळट रुंद फुले हमखास दिसतात. दोन-दोन महिने न कोमेजणारे हे फूल कार्यालयांच्या स्वागतकक्षांत, हॉटेलांत आणि समारंभांच्या मंचांवर आता नित्याचे झाले आहे. त्याचे शास्त्रीय नाव फॅलेनॉप्सिस. मराठीत त्याला पतंग-ऑर्किड म्हणता येईल. आपण विकत घेतो ती बहुतेक रोपे संकरित असतात आणि त्यांचे पूर्वज प्रामुख्याने फिलिपाइन्स व इंडोनेशियाच्या बेटांवरचे आहेत. मात्र याच प्रजातीच्या काही जाती ईशान्य भारतात, हिमालयाच्या पायथ्याशी, पश्चिम घाटात आणि अंदमान-निकोबार बेटांवर रानटी अवस्थेत वाढतात. त्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाही सहसा ठाऊक नसतात. याचे एक कारण म्हणजे गेल्या पावणेदोनशे वर्षांत या जातींची नावे पुनःपुन्हा बदलली आणि प्रत्येक बदलासोबत त्या आपल्या नजरेआड होत गेल्या.

नावे बदलतात ही तक्रार जुनी आहे. या लेखात मी त्या बदलांच्या बाजूने बोलणार आहे; पण बदललेल्या नावांचा माग न ठेवण्याच्या आपल्या सवयीविरुद्धही बोलणार आहे. आरंभी शब्दांचा एक खुलासा करतो. मराठी वनस्पतिशास्त्रीय लेखनात ‘प्रजाती’ म्हणजे जीनस आणि ‘जाती’ म्हणजे स्पीशीज असा संकेत आहे. वृत्तपत्रांत मात्र ‘प्रजाती’ हा शब्द सर्रास स्पीशीजसाठी वापरला जातो. येथे मी जुना संकेत पाळतो. फॅलेनॉप्सिस ही प्रजाती, आणि तिच्यातील ॲमाबिलिस, डेलिसिओसा, मॅनाय या जाती.

या प्रजातीची कहाणी लिनियसपासून सुरू होते. १७५३ मध्ये त्याने यांतील पांढऱ्या फुलाच्या जातीला एपिडेन्ड्रम अमाबिले असे नाव दिले. त्या काळी झाडांवर वाढणारी कितीतरी ऑर्किडे एपिडेन्ड्रम या एकाच नावाखाली ठेवली जात. १८२५ मध्ये जावामध्ये काम करणाऱ्या कार्ल लुडविग ब्लूम यांनी त्या फुलाची रचना वेगळी असल्याचे ओळखून त्याच्यासाठी फॅलेनॉप्सिस ही नवी प्रजाती स्थापली. ग्रीक भाषेत ‘फॅलेना’ म्हणजे पतंग आणि ‘ऑप्सिस’ म्हणजे रूप. दुरून पाहताना फांदीवर पांढरे पतंग बसल्याचा भास होतो, असा त्या नावामागचा भाव आहे. आज ॲमाबिलिस ही इंडोनेशियाच्या राष्ट्रीय फुलांपैकी एक आहे.

नाव मिळाले, तरी ओळख पक्की झाली नाही. फिलिपाइन्समधून युरोपात आलेल्या पांढऱ्या फुलाच्या रोपालाच जॉन लिंडली यांनी ॲमाबिलिस मानले आणि खऱ्या ॲमाबिलिसला १८४८ मध्ये ग्रँडिफ्लोरा असे वेगळे नाव दिले. पुढे १८६२ मध्ये राइखेनबाख यांनी फिलिपाइन्सच्या जातीला ॲफ्रोडाइट हे स्वतंत्र नाव दिले. लिंडली यांच्याच हातून आणखी एक रंजक नोंद झाली. फिलिपाइन्समधील एका वनस्पतीचे रूप त्यांना दोन जातींच्या मधले वाटले, म्हणून १८५३ मध्ये त्यांनी तिला इंटरमीडिया म्हटले. ही वनस्पती नैसर्गिक संकर असावी, हा त्यांचा तर्क होता. इंग्लंडमधील व्हीच यांच्या रोपवाटिकेत जॉन सेडन यांनी ॲफ्रोडाइट आणि इक्वेस्ट्रिस यांचा हेतुपुरस्सर संकर केला. १८८६ मध्ये त्या रोपाला फूल आले, तेव्हा ते इंटरमीडियाशी जुळले. वर्गीकरण म्हणजे केवळ नावांची यादी, असे ज्यांना वाटते त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. एक तर्क मांडला गेला आणि तेहतीस वर्षांनी तो प्रयोगाने पारखला गेला.

फॅलेनॉप्सिसमध्ये आज सुमारे ७५ जाती मानल्या जातात. कोणता अभ्यासक प्रजातीची सीमा कुठे आखतो, यावर हा आकडा थोडा कमी-जास्त होतो. त्यांचा प्रदेश भारत आणि श्रीलंकेपासून दक्षिण चीन, तैवान, आग्नेय आशिया, न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य टोकापर्यंत पसरलेला आहे. दुकानातील एकसारखी कुंडी पाहून या विविधतेची कल्पना येत नाही. बोर्निओच्या जायगँटिया या जातीची पाने अर्ध्या मीटरहून लांब वाढतात, तर पश्चिम घाटातील डेलिसिओसा तळहातावर मावेल. पुल्चेरिमा ही जाती बहुधा झाडावर वाढतच नाही. ती खडकांवर किंवा वालुकामय जमिनीत वाढते आणि तिचा दांडा ताठ उभा राहतो. हिमालयातील टेनिआलिस आणि तिच्या निकटच्या जाती कोरड्या ऋतूत पाने टाकून देतात. तेव्हा झाडाच्या सालीला चिकटलेली त्यांची चपटी, हिरवी मुळेच प्रकाशसंश्लेषणाचे काम करतात. आसामात सापडलेली आणि गुस्टाफ मान या वनाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी मॅनाय हिची फुले पिवळी असून त्यांवर तपकिरी पट्टे असतात. बाजारातील काही पिवळ्या संकरांच्या वंशावळीत ही भारतीय जाती आहे, हे ते विकत घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असते.

एवढी भिन्न रूपे एका प्रजातीत कशी ठेवायची, हा प्रश्न वनस्पतिशास्त्रज्ञांना सतत पडला. त्यांच्या उत्तरांचा इतिहास पाहायचा तर डेलिसिओसा या एकाच जातीचा प्रवास पाहावा. राइखेनबाख यांनी १८५४ मध्ये तिला फॅलेनॉप्सिस डेलिसिओसा म्हटले. त्यांनीच १८६२ मध्ये दक्षिण भारतातील नमुन्यांना, मद्रास इलाख्यात काम केलेल्या रॉबर्ट वाइट यांच्या सन्मानार्थ, फॅलेनॉप्सिस वाइटाय हे नाव दिले. जोसेफ हूकर यांच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’ मध्ये ती डॉरिटिस वाइटाय झाली. १९१७ मध्ये रॉबर्ट रॉल्फ यांनी किंगिएला ही नवी प्रजाती मांडली आणि ही वनस्पती तिकडे गेली. किंगिएला हे नाव कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक सर जॉर्ज किंग यांच्या स्मरणार्थ होते. त्यांनी रॉबर्ट पँटलिंग यांच्यासह सिक्कीम-हिमालयातील ऑर्किडांवर १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ आजही आधारभूत मानला जातो. पुढे लक्षात आले की बांडगुळाच्या कुळातील एका प्रजातीला किंगेला हे जवळजवळ तेच नाव आधीच दिलेले आहे. म्हणून १९७० मध्ये किंगिएलाचे किंगिडियम झाले. भारतातील अनेक प्रादेशिक वनस्पतीग्रंथांत आपल्याला ही जाती किंगिडियम म्हणूनच भेटते, कुठे डेकम्बेन्स तर कुठे डेलिसिओसम या नावाने. २००१ मध्ये एरिक क्रिस्टेन्सन यांनी आपल्या प्रबंधग्रंथात किंगिडियम आणि डॉरिटिस या दोन्ही प्रजाती फॅलेनॉप्सिसमध्ये विलीन केल्या, आणि ही वनस्पती जवळपास दीड शतकानंतर आपल्या पहिल्या नावाकडे परतली.

हा प्रवास वाचून विद्यार्थी विचारतो, की इतका फेरा घालून पुन्हा तिथेच यायचे होते, तर मधला खटाटोप कशाला? त्याचे उत्तर फुलाच्या आत आहे. ऑर्किडमध्ये पराग सुट्या पुडीसारखे नसतात. ते घट्ट, मेणचट गोळ्यांत बांधलेले असतात. त्यांना परागपुंज म्हणतात. ॲमाबिलिस, ॲफ्रोडाइट यांसारख्या परिचित जातींत दोन परागपुंज असतात. डॉरिटिस, किंगिडियम आणि हिमालयातील पाने गाळणाऱ्या जाती यांच्यात चार असतात. परागपुंजांची संख्या हे ऑर्किडांच्या वर्गीकरणात महत्त्वाचे लक्षण मानले जाते. त्यामुळे चार परागपुंजांच्या जाती वेगळ्या काढण्याकडे जुन्या अभ्यासकांचा कल होता, आणि उपलब्ध पुराव्यानुसार तो गैर नव्हता. हर्मन स्वीट यांच्या १९८० च्या ग्रंथातही डॉरिटिस आणि किंगिडियम फॅलेनॉप्सिसच्या बाहेरच आहेत.

त्यानंतर डीएनएचा पुरावा हाती आला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील आण्विक अभ्यासांतून दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली गोष्ट अशी की डॉरिटिस आणि किंगिडियम हे फॅलेनॉप्सिसच्या वंशवृक्षाच्या आतच बसतात. क्रिस्टेन्सन यांनी केलेले विलीनीकरण योग्य दिशेने होते. दुसरी गोष्ट त्यांच्याच मांडणीला छेद देणारी होती. त्यांनी डेलिसिओसा आणि पुल्चेरिमा यांचे गट ॲमाबिलिसच्या उपप्रजातीत ठेवले होते. प्रत्यक्षात हे गट चार परागपुंजांच्या इतर जातींबरोबर एका शाखेत एकत्र आले. म्हणजे जुन्यांनी ज्या लक्षणावर भर दिला, ते लक्षण खऱ्या नात्याकडेच बोट दाखवत होते. त्यावरून काढलेली प्रजातींची सीमा तेवढी टिकली नाही. दोन पिढ्यांचे अभ्यासक अर्धे बरोबर आणि अर्धे चूक ठरले. विज्ञानात यापेक्षा प्रामाणिक निकाल क्वचितच मिळतो.

२०१४ मध्ये ही सीमा आणखी रुंदावली. हिमालयातील ऑर्निथोकायलस, ईशान्य भारत ते इंडोचायना या पट्ट्यातील हायग्रोकायलस आणि पूर्व आशियातील सेडिरिया या लहान प्रजातीही फॅलेनॉप्सिसमध्ये सामावल्या गेल्या. या वेळी नियमांमुळे एक मौजेची अडचण उद्भवली. हायग्रोकायलस पॅरिशाय फॅलेनॉप्सिसमध्ये आणायची, पण फॅलेनॉप्सिस पॅरिशाय या नावाची दुसरी जाती तिथे आधीपासूनच होती. एका प्रजातीत दोन जातींना एकच नाव चालत नाही. त्यामुळे नव्याने आलेल्या जातीला तिचे दुसरे जुने विशेषण देऊन फॅलेनॉप्सिस मॅरिऑटियाना करावे लागले. ज्याला हा नियम ठाऊक नाही, त्याला दोन पॅरिशाय एकच वाटतील किंवा मॅरिऑटियाना ही नव्याने सापडलेली जाती वाटेल.

येथे एक आक्षेप न्याय्य आहे आणि तो मी टाळणार नाही. वंशवृक्ष काही सांगत नाही की प्रजाती नेमकी किती मोठी असावी. तो एवढेच मागतो की एका नावाखाली एका पूर्वजाची सर्व संतती यावी. ही अट दोन मार्गांनी पूर्ण होते. सगळ्यांना एका मोठ्या फॅलेनॉप्सिसमध्ये घ्यावे, किंवा फॅलेनॉप्सिस लहान ठेवून उरलेल्या शाखांना स्वतंत्र प्रजाती मानावे. दोन्ही मार्ग एकाच पुराव्याशी सुसंगत आहेत. निवड अखेर सोयीची आणि विवेकाची असते. रोपे जोपासणाऱ्यांची नाराजीही मी समजू शकतो. डॉरिटिस आणि फॅलेनॉप्सिस यांच्या संकरांना पूर्वी डॉरिटिनॉप्सिस असे वेगळे नाव होते. विलीनीकरणानंतर ते नाव उरले नाही आणि असंख्य कुंड्यांवरच्या चिठ्ठ्या जुन्या झाल्या.

तरीही माझे मत मोठ्या फॅलेनॉप्सिसच्या बाजूने आहे आणि त्याचे कारण भारतीय आहे. बाजारातले पतंग-ऑर्किड मुख्यतः दोन परागपुंजांच्या शाखेतून आले. मॅनाय किंवा अंदमान-निकोबारच्या टेट्रास्पिस व स्पेसिओसा या जाती त्याच शाखेतल्या आहेत. पण मुख्य भूमीवरील बाकीच्या जाती पाहा. डेलिसिओसा, मायसोरेन्सिस, टेनिआलिस, पॅरिशाय, लॉबाय, पुल्चेरिमा या सगळ्या चार परागपुंजांच्या शाखेतल्या आहेत. याच शाखेच्या जातींची नावे सर्वांत अधिक वेळा हलली. छोट्या छोट्या प्रजातींत विखुरलेल्या असताना त्या कुणाच्याच लक्षात राहत नव्हत्या. कुणी किंगिडियम हे नाव वाचले, तर जगप्रसिद्ध पतंग-ऑर्किडाची ही बहीण आपल्याच जंगलात आहे, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. आज एका नावाखाली त्या एकत्र आल्यामुळे नाते दिसू लागले आहे. इक्वेस्ट्रिस या फिलिपाइन्सच्या जातीचा संपूर्ण जनुकसंच २०१५ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ऑर्किड कुळातला तो पहिलाच होता. त्याच्याशी तुलना करून कोरड्या ऋतूत पाने गाळून मुळांवर जगणाऱ्या हिमालयी जातीत काय वेगळे घडते, हा प्रश्न आता एखादा भारतीय विद्यार्थी सहज विचारू शकतो. तो प्रश्न सुचण्यासाठी दोघी एकाच घरातल्या आहेत हे आधी माहीत असावे लागते.

नाते दिसले म्हणजे जबाबदारी संपली, असे मात्र नाही. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी सूचीत १,२५६ ऑर्किडांची नोंद आहे. त्यांतील ३८८ केवळ भारतात आढळतात. अशा सूचीतील प्रत्येक ओळ योग्य नावावर उभी असते, आणि नाव चुकले तर संरक्षणही चुकते. सेसिल साल्डान्हा यांनी १९७४ मध्ये कर्नाटकातील नमुन्यांवरून मायसोरेन्सिस ही जाती वर्णिली. ती डेलिसिओसाच्या गटातली, तिच्यासारखीच लहान. घाईने पाहणारा तिला डेलिसिओसा समजून मोकळा होईल. डेलिसिओसा भारतापासून आग्नेय आशियापर्यंत दूरवर पसरलेली आहे, म्हणून तिची चिंता कमी. मर्यादित प्रदेशातील जाती अशी एका व्यापक जातीच्या नावाखाली नोंदली गेली, तर ती जंगलातून नाहीशी झाली तरी कागदावर काहीच कमी होणार नाही.

कायद्यातही हेच आहे. संपूर्ण ऑर्किड कुळ सायटीज या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या परिशिष्टांत आहे आणि भारत १९७६ पासून त्याचा सदस्य आहे. फॅलेनॉप्सिसच्या कृत्रिमरीत्या वाढवलेल्या संकरांना मात्र काही अटींवर सूट आहे. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये वनस्पतींसाठी जोडलेल्या सहाव्या अनुसूचीत निळा व्हँडा, लाल व्हँडा आणि स्लिपर ऑर्किड एवढीच ऑर्किडे होती, पतंग-ऑर्किड नव्हते. २०२२ च्या दुरुस्तीने सायटीजच्या परिशिष्टांसाठी स्वतंत्र अनुसूची आली आणि हे चित्र सुधारले. आता तपासणी नाक्यावरील अधिकाऱ्यासमोर फुले नसलेली काही रोपे आली, तर ती संकरित की रानातून उपटलेली, हे त्याने ओळखायचे आहे. त्याच्या हातातील स्थानिक यादीत जर किंगिडियम लिहिले असेल आणि परवान्यावर फॅलेनॉप्सिस, तर त्याने काय करावे? येथे नावांचा मेळ हा केवळ विद्वानांचा विषय राहत नाही.

हाच धागा वनस्पतिसंग्रहांपर्यंत जातो. हावडा येथील केंद्रीय राष्ट्रीय वनस्पतिसंग्रहालयासारख्या ठिकाणी वाळवलेल्या नमुन्यांची पाने ज्या काळी तयार झाली, त्या काळच्या नावांनी लावलेली असतात. डेलिसिओसा शंभर वर्षांपूर्वी कुठे-कुठे होती, हे शोधणाऱ्याला डॉरिटिस, किंगिएला आणि किंगिडियम या तिन्ही नावांनी शोध घ्यावा लागतो. जो फक्त आजचे नाव शोधेल, त्याला ही जाती भारतात अलीकडेच आली असे वाटेल. म्हणून समानार्थी नावांची यादी ही एखाद्या वनस्पतीच्या आयुष्याचा दस्तऐवज असते. पाठ्यपुस्तकांत ती बारीक अक्षरांत छापून सोडून दिली जाते, हे चूक आहे.

मग करायचे काय? माझ्या तीन मागण्या आहेत. राज्यांच्या वनविभागांच्या आणि जैवविविधता मंडळांच्या सूच्यांत प्रत्येक ऑर्किडापुढे जुनी व नवी नावे एकत्र द्यावीत आणि ती ठरावीक काळाने तपासावीत. पदवी अभ्यासक्रमात वर्गीकरण शिकवताना कुळांची लक्षणे घोकून घेण्याऐवजी डेलिसिओसासारख्या एका जातीचा नामप्रवास विद्यार्थ्यांकडून मूळ वर्णनांपासून शोधून घ्यावा. एका सत्रात तो सहज होतो. आणि संकर, ऊतीसंवर्धन व पुष्पव्यापार यांच्या संशोधनाला जो पाठिंबा मिळतो, त्यातील काही वाटा रानटी जातींच्या क्षेत्रीय अभ्यासाला आणि वर्गीकरण जाणणाऱ्यांच्या नेमणुकांना मिळावा. सिक्कीममधील पाकयोंग येथे राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्र आहे, अरुणाचलात सेसा येथे ऑर्किड अभयारण्य आहे. पाया आहे, त्यावर काम करणारी माणसे हवीत.

विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी एखाद्या वनस्पतीचे नाव बदलल्याचे वाचलेत, तर वैतागण्याआधी विचारा: कोणत्या पुराव्यावरून बदलले, आणि जुन्या नावाखाली काय-काय साठवलेले आहे? पावसाळ्यात घाटात फिरताना एखाद्या फांदीवर नागमोडी कडांची चार पाने आणि जेमतेम नखाएवढे पांढरट फूल दिसले, तर ते उपटू नका. छायाचित्र घ्या, ठिकाण आणि तारीख लिहून ठेवा, इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलसारख्या खुल्या नोंदस्थळावर ते ठेवा. नाव चुकले तरी हरकत नाही. नाव पुढे कुणीतरी दुरुस्त करील. पण ती जाती त्या दिवशी तिथे होती, ही नोंद तुमच्याखेरीज कुणी करणार नाही.